मृत्युपत्र झालं, आता आण्णांना दुसरं पत्र लिहायचंय, ते कसं लिहायचं?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बाकीच्यांना पण कळावं म्हणून थोडक्यात सांगते. तुमचे आण्णा 78 वर्षांचे, पलूस भागात द्राक्षबाग आणि थोडा ऊस, शाळा सातवीपर्यंत. मागच्या वर्षी मृत्युपत्र करून रजिस्टर पण केलं, आणि आता म्हणतात की "जमिनीचं लिहिलं, पण मी कसा जगलो ते पोरांना कोण सांगणार". एक भाऊ बाग बघतो, दुसरा बेंगळुरूला, तुम्ही साताऱ्यात शिक्षिका. तुम्हाला विचारायचंय की असं काही लिहून ठेवता येतं का, कायद्यात त्याला किंमत आहे का, त्यात लिहायचं काय, आणि आण्णांचा हात थरथरतो तर लिहायचं कसं. आणि जाता जाता तुम्ही एक वाक्य लिहिलंय, आजोबांच्या मागं तुमच्या दोन्ही आत्यांनी हक्कसोड, म्हणजे जमिनीतला आपला वाटा सोडल्याचा कागद, करून दिलं. त्या वाक्यावर मी नंतर येणार आहे, कारण मला वाटतं या सगळ्यात ते फार महत्त्वाचं आहे.

मी सांगलीत 27 वर्षं वकिली करते, त्यातलं निम्म्याहून जास्त काम मृत्युपत्र, वाटणीपत्र, हक्कसोड, बक्षीसपत्र असलंच. सुरुवातीची बरीच वर्षं गट नंबर तपासायचे, सातबारा आणि आठ-अ बघायचा, चतुःसीमा लिहायच्या, दोन साक्षीदार उभे करायचे, सह्या घ्यायच्या, एवढंच मी करत होते. पण सह्या झाल्यावर माणसं लगेच उठत नाहीत हो. चहा संपतो तरी बसून राहतात, आणि मग असं काहीतरी बोलतात जे दस्तात कुठंच बसत नाही. एक आजोबा म्हणाले होते, "मॅडम, हिर कुणाला ते लिव्हलं, पण ती हिर खणताना आमचा थोरला भाऊ गेला, ते कुठं लिव्हायचं?" माझ्याकडं उत्तर नव्हतं. मग मी एक कोरा कागद त्यांच्यापुढं सरकवला आणि म्हटलं इथं लिहू या. तेव्हापासून मृत्युपत्राला येणाऱ्या प्रत्येकाला मी हा दुसरा कागद विचारते, निम्मे नको म्हणतात, निम्मे लिहितात.

आधी कायद्याचं संपवून टाकते. मृत्युपत्राला भारतीय उत्तराधिकार कायदा 1925 चं कलम 63 लागतं, म्हणजे करणाऱ्याची सही किंवा अंगठा आणि किमान दोन साक्षीदारांच्या सह्या. साध्या कागदावर चालतं, स्टँप लागत नाही, रजिस्ट्रेशन ऐच्छिक आहे. आण्णांनी ते केलंय म्हणजे तो विषय संपला. हे जे दुसरं पत्र आहे त्याला यातलं काहीच लागत नाही, साक्षीदार नको, रजिस्टर नको, आणि कोर्टात त्याच्या जोरावर कुणाला काही मागता पण येत नाही. म्हणून तर ते मोकळेपणानं लिहिता येतं. पण एक काळजी घ्याच. त्यात मालमत्तेच्या वाटणीचा एकही शब्द नको. कायद्यात शेवटचं मृत्युपत्र खरं धरतात, आणि नंतरच्या तारखेच्या पत्रात "सगळं सगळ्यांचंच आहे, तिघं मिळून खावा" असं प्रेमानं जरी लिहिलं आणि शेजारच्या दोघांनी कौतुकानं खाली सह्या केल्या, तरी उद्या भाऊबंदकी पेटली की तोच कागद घेऊन कुणीतरी वकिलाकडं जातो. म्हणून मी सगळ्यांना पहिलीच ओळ लिहायला लावते, "हे मृत्युपत्र नाही, यात कसलीही वाटणी नाही, माझं मृत्युपत्र अमुक तारखेचं आहे तेच कायम आहे."

अजून एक. थोरल्याला बाग जास्त का दिली किंवा धाकट्याला प्लॉट का दिला याची कारणं बऱ्याच जणांना या पत्रात लिहायची असतात. लिहावीत, मी नको म्हणत नाही, कारण मुलांच्या मनात आयुष्यभर तेच सलत राहतं. फक्त मृत्युपत्रात एक कारण आणि पत्रात दुसरं असं होऊ देऊ नका. आधी मृत्युपत्र काढून वाचा, मग लिहा. आणि दवाखान्यात व्हेंटिलेटर लावायचा का नाही, हे या पत्रात नको. त्याला लिव्हिंग विल नावाचा वेगळा कागद असतो, सुप्रीम कोर्टानं तो 2018 ला मान्य केला आणि 2023 ला त्याची पद्धत सोपी केली, दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यापुढं तो होतो. तो हवा असेल तर वेगळा करा.

या पत्राला इंग्रजीत एथिकल विल म्हणतात, मी मराठीत नुसतं मागचं पत्र म्हणते. ही चाल मुळात ज्यू लोकांची. त्यांच्या धर्मग्रंथात याकोब मरताना बारा मुलांना भोवती बोलावतो आणि एकेकाला काय ते सांगतो, तिथपासून ती धरतात. पुढं मध्ययुगात लोक तसं लिहून ठेवायला लागले. 12 व्या शतकात यहूदा इब्न तिबोन नावाचे एक वैद्य होते, भाषांतरकार पण होते, जन्म स्पेनमधल्या ग्रानाडाचा आणि राहिले दक्षिण फ्रान्समध्ये. त्यांनी मुलाला लिहिलेलं लांबलचक पत्र आजही वाचायला मिळतं. त्यात उपदेश आहे, मुलावरचा राग पण आहे, की अभ्यासाकडं लक्ष देत नाहीस म्हणून. पण मला त्यातलं आवडतं ते पुस्तकांचं. हिब्रू पुस्तकं दर महिन्याला तपास, अरबी दोन महिन्यांनी तपास, कुणाला पुस्तक दिलंस तर लिहून ठेव. आठशे वर्षं झाली त्या माणसाला जाऊन, पण एवढ्या दोन ओळींत तो कपाटापुढं उभा असलेला दिसतो की नाही? आणि ज्या मुलावर एवढा राग, तो पुढं बापापेक्षा नावाजलेला भाषांतरकार झाला.

आपल्याकडं पण हे अगदीच परकं नाही. महात्मा फुल्यांचं मूळ गाव आपल्या साताऱ्यातलं कटगुण, खटाव तालुक्यातलं. त्यांनी 1887 साली मृत्युपत्र केलं, त्यात दत्तक मुलाची, यशवंतची तरतूद तर होतीच, पण आपल्यामागं आपले विचार कसे पाळावेत हे पण होतं. आपल्याला मिठात घालून पुरावं अशी त्यांची इच्छा होती. 28 नोव्हेंबर 1890 ला ते गेले तेव्हा नगरपालिकेनं परवानगी दिली नाही आणि दहन करावं लागलं. भाऊबंदांनी यशवंतच्या हक्कावरनं वाद काढला तेव्हा सावित्रीबाईंनी स्वतः टिटवं, म्हणजे अंत्ययात्रेत पुढं धरायचं मडकं, हातात घेतलं आणि पुढं चालल्या. मी हे मुद्दाम सांगते, कारण अंत्यविधीबद्दलच्या इच्छा लोक याच पत्रात लिहून कपाटात ठेवतात आणि पत्र उघडतं तेराव्याला, तोपर्यंत सगळं होऊन गेलेलं असतं. देहदान, नेत्रदान, विधी नको, राख नदीत नको, झाडाला घाला, असलं काही आण्णांच्या मनात असेल तर ते आत्ता तोंडी सांगायचं, घरातल्या सगळ्यांना एकत्र बसवून, आणि जी माणसं शब्द पाळतील त्यांना पुन्हा एकदा वेगळं सांगायचं.

आता मूळ मुद्दा, लिहायचं काय.

माणसं पेन हातात घेतली की पहिल्या कागदावर हमखास हेच लिहितात, प्रामाणिक राहा, कष्ट करा, मोठ्यांचा मान ठेवा, एकीनं राहा, व्यसन करू नका. यातलं चुकीचं काहीच नाही, पण हे वाचून नातवाला आजोबा दिसत नाहीत. हे शाळेच्या भिंतीवर पण लिहिलेलं असतं. म्हणून मी तो कागद बाजूला ठेवते आणि एकच प्रश्न विचारते, तुम्ही कशासाठी काय सोडलं? माझा आजवरचा अनुभव असा आहे की माणसाचं मूल्य तो काय बोलतो त्यात सापडत नाही, त्यानं कशापायी नुकसान सोसलं त्यात सापडतं. प्रामाणिकपणा सगळेच मानतात, पण तुम्हाला तो कधी महाग पडला ते सांगा.

तासगाव भागातले एक बागायतदार माझ्याकडं आले होते, साधारण तुमच्या आण्णांच्याच वयाचे. त्यांनी पण असाच प्रामाणिक राहा वगैरे अर्धा पान कागद आणला होता. मी प्रश्न विचारला आणि ते बराच वेळ गप्प बसले. मग सांगितलं. पंचवीसेक वर्षांपूर्वी व्यापाऱ्यानं तीन एकराचा माल उचलला, थोडा अ‍ॅडव्हान्स दिला, आणि बाकीचे पैसे बुडवून पसार झाला. (द्राक्षवाल्यांना हे नवं नाही, कुणाच्या तरी वाट्याला येतंच.) गावच्या कर्ज देणाऱ्या सोसायटीचं कर्ज, औषधाच्या दुकानाची उधारी, आणि विरळणीला, डिपिंगला (घड औषधात बुडवायला) आलेल्या बायकांची मजुरी राहिलेली. घरात पैसा नव्हता म्हणून बायकोच्या पाटल्या मोडल्या. भाऊ म्हणाला आधी सोसायटी भर, थकबाकीत गेलास तर पुढच्या साली कर्ज नाही, बायका काय, थांबतील चार महिने. यांनी पाटल्यांचे पैसे घेतले आणि बाजाराच्या आदल्या दिवशी संध्याकाळी घरोघर जाऊन मजुरी दिली. मला म्हणाले, "सोसायटी थांबती वो मॅडम, बाईचा बाजार थांबत न्हाई." पुढच्या साली खरंच कर्ज मिळालं नाही, एक एकर बाग काढून टाकावी लागली, भाऊ दोन वर्षं बोलला नाही.

हे सगळं त्यांच्याच शब्दांत आम्ही लिहून काढलं, दोन पानं झाली. आणि ते वाचल्यावर त्यांचा मुलगा, चाळिशीचा माणूस, माझ्यापुढं रडला. म्हणाला आम्हाला लहानपणी सांगितलं होतं की आईच्या पाटल्या चोरीला गेल्या. पंचवीस वर्षं त्या घरात चोरीची गोष्ट चालू होती, आणि खरी गोष्ट जी पोरांना द्यायला पाहिजे होती ती बापानं लाजेपोटी झाकून ठेवली होती. गरिबीची लाज, फसवलं गेल्याची लाज. आपल्या भागातल्या माणसांचं हे असंच असतं, चांगलं वागलेलं पण सांगत नाहीत, कारण ते सांगायचं तर त्याच्या आधीचं नुकसान पण सांगावं लागतं.

त्यामुळं आण्णांना "तुमची मूल्यं काय" असं विचारू नका, ते म्हणतील आता मी काय सांगू. त्यांना विचारा की कधी असं झालं का की सगळे एक म्हणत होते आणि तुम्ही दुसरं केलं. कुणाचं देणं अजून मनात आहे, पैशाचं नव्हे, उपकाराचं. 1972 च्या दुष्काळात घरात काय खाल्लं, रोजगार हमीच्या कामावर कोण गेलं होतं. पहिली बाग लावली तेव्हा द्राक्षाची काडी कुणी दिली, मांडव कुणी घालून दिला. देवळात जाता का, जात असाल तर काय मागता, नसाल तर कधी सोडलं. आईशी कशावरनं भांडलात आणि कोणाचं बरोबर निघालं. ती पाटल्यांसारखी एखादी गोष्ट प्रत्येक घरात असते, पण ती पहिल्या दिवशी बाहेर येत नाही. तिसऱ्या चौथ्या बैठकीला, दुसरंच काहीतरी बोलताना येते, आणि त्या वेळी तुम्ही फक्त गप्प बसायचं.

आता आत्यांचं. ताई, मी दुय्यम निबंधकांच्या ऑफिसात किती हक्कसोडपत्रं करून दिली असतील याची मोजदाद नाही. बहिणी येतात, नवी साडी नेसून येतात, माहेरचं काम आहे म्हणून. अंगठा, फोटो, सही, दहा मिनिटांत सगळं संपतं आणि लाखांचं रान त्या सोडून देतात. हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला जन्मानं मुलाइतकाच हक्क आहे, हे मी प्रत्येकीला बाजूला घेऊन सांगते, तरी बहुतेकजणी म्हणतात, "माहेर तुटायला नको." आणि बाहेर आल्यावर भाऊ चहा पाजतो, एस्टीत बसवून देतो, पण "तुम्ही हे आमच्यासाठी सोडलं" असं तोंडानं म्हणणारा भाऊ मला 27 वर्षांत दोनदा भेटला. दोनदाच.

म्हणून आण्णांच्या पत्रात आत्यांचा परिच्छेद असलाच पाहिजे असं मला मनापासून वाटतं. आजची बाग ज्या रानात उभी आहे त्यातला काही वाटा त्या दोघींनी सोडलेला आहे, हे नातवंडांना कळू दे. जमीन आजोबांकडनं आली एवढंच पोरं ऐकतात, ती बहिणींच्या सोडण्यातनं पण आली हे कुणी सांगत नाही. आणि आण्णांना त्यात काही चुकलं असं वाटत असेल तर ते पण त्यांनी लिहावं. आत्या हयात असतील तर पत्राची वाट बघत बसू नये, आधी जाऊन भेटावं, ते पत्र नंतर.

चूक कबूल करण्याबद्दल लोक मला फार विचारतात, बापानं मुलांपुढं माफी मागायची का. मागावी. पण कशाची ते नाव घेऊन मागावी. "माझ्याकडनं काही चुकलं असेल तर क्षमा करा" हे आपण लग्नपत्रिकेत पण छापतो, त्यानं कुणाचं काही हलकं होत नाही. "तुला इंजिनिअरिंगला जायचं होतं आणि मी बाग बघायला ठेवून घेतलं, तेव्हा दुसरा उपाय होता, मी शोधला नाही", असं एक वाक्य भावाला मिळालं तर तो ते आयुष्यभर जपेल. (तुमच्या घरात असं काही आहे का मला माहीत नाही, पण एक भाऊ बागेत आणि एक बेंगळुरूला आहे म्हणून मनात आलं.)

याच्या उलट जे करू नये ते पण सांगते. एका निवृत्त शिक्षकांनी पत्र लिहून पाकिटात बंद करून ठेवलं होतं, तेराव्याला सगळ्यांपुढं वाचा म्हणून. मी ते आधी पाहिलं नव्हतं. त्यात थोरल्या सुनेबद्दल चार ओळी होत्या, की हिनं घर फोडलं. भावकी बसलेली, पाव्हणे बसलेले, आणि धाकटा मोठ्यानं वाचतोय. ती बाई उठून आत गेली आणि त्यानंतर त्या घरात तिनं पाऊल ठेवलं नाही. तिची बाजू ऐकायला सासरे नव्हतेच. गेलेल्या माणसाला उलट उत्तर देता येत नाही, म्हणून त्याच्या कागदात दुसऱ्यावर आरोप नसावा. राग असेल तर जिवंतपणी बोलून मोकळं व्हावं, नाहीतर तो आपल्याबरोबर जाऊ द्यावा. तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगते की पत्र लिहून झालं की ज्याचं ज्याचं नाव आलंय त्या प्रत्येकाच्या जागी बसून एकदा वाचा.

आणि हुकूम पण नकोत. शेतकऱ्याच्या पत्रात एक ओळ येतेच येते, "जमीन विकू नका". मला ती ओळ कळते, माझ्या वडिलांनी पण तेच म्हटलं असतं. पण मी असा मुलगा पाहिलाय की बायकोच्या आजारपणात पैसा लागत होता, दीड एकर पडीक माळ होता, आणि बापाच्या त्या एका ओळीपायी त्यानं विकायला सहा महिने घातले, सावकाराचं व्याज भरत बसला. बापाला हे हवं होतं का? अजिबात नाही. म्हणून हुकमाऐवजी गोष्ट लिहायची. माळावर पहिल्यांदा पाणी आलं तेव्हा रात्री बारा वाजता सगळे कंदील घेऊन बघायला गेलो होतो, हे लिहा, ही जमीन मला काय वाटते ते लिहा, आणि त्याच्याखाली लिहा की पुढं तुमची अडचण तुम्हाला ठाऊक, तुम्ही ठरवाल ते मला मान्य आहे. लग्न कुणाशी करावं, जात बघावी का, पोरांनी काय शिकावं, यात पण हेच.

आता थरथरणाऱ्या हाताचं. लिहू नका, बोला. मोबाईलवर रेकॉर्ड करा आणि नंतर तुम्ही कागदावर उतरवा. कॅनडातले हार्वे चोचिनोव्ह नावाचे डॉक्टर शेवटच्या आजारातल्या रुग्णांसाठी असंच करतात. ठरलेले थोडे प्रश्न विचारायचे, बोलणं रेकॉर्ड करायचं, ते लिहून काढून नीट लावायचं, मग रुग्णाला वाचून दाखवायचं आणि तो म्हणेल तसं दुरुस्त करून त्याच्या हातात द्यायचं. 2005 साली त्यांनी 100 रुग्णांवरचा अभ्यास छापला त्यात 91 टक्के रुग्णांनी समाधान वाटल्याचं सांगितलं. मला त्यातलं वाचून दाखवण्याचं पाऊल फार मोलाचं वाटतं. आपण उतरवताना नकळत आपलं घालतो, आणि आण्णा ऐकताना म्हणतील, "असं न्हवं, मी असं म्हणलो न्हवतो." तिथं खरं पत्र तयार होतं. ताई, तुम्ही शिक्षिका आहात म्हणून हात जोडून सांगते, त्यांची भाषा शुद्ध करू नका. "न्हाई" चं "नाही" करू नका, "पोरास्नी" तसंच राहू दे. उद्या वाचताना आवाज ऐकू आला पाहिजे.

रेकॉर्डिंग केलं म्हणजे काम झालं असं पण समजू नका. माझ्या आईचं मी चाळीस मिनिटं रेकॉर्ड केलं होतं, ओवीसकट, जात्यावरच्या दोन ओव्या तिनं म्हटल्या होत्या. उतरवते उतरवते म्हणत आठ महिने गेले, फोन बंद पडला, दुरुस्तीला दिला, दुकानवाल्यानं फॉरमॅट करून परत दिला. आई तोवर गेली होती. आता मला एक ओवी अर्धी आठवते आणि दुसरी आठवतच नाही. म्हणून ज्या दिवशी रेकॉर्ड कराल त्याच रात्री दोन ठिकाणी पाठवा, एक बेंगळुरूच्या भावाला, आणि आठवड्याच्या आत उतरवा.

आवाज जपायचं अजून एक कारण आहे. विटा-खानापूर-आटपाडीकडचे गलाई व्यवसायातले लोक माझ्याकडं येतात, सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात भारतभर पसरलेली आपली माणसं. त्यातल्या एकांनी सुंदर पत्र लिहिलं आणि मग लक्षात आलं की केरळात वाढलेल्या नातवाला मराठी बोलता येतं, वाचता येत नाही. मग त्यांनी तेच पत्र मोबाईलपुढं बसून वाचलं. बेंगळुरूच्या नातवंडांचं काय आहे ते आधी विचारून घ्या. भाषांतर पण करून ठेवता येईल, पण आण्णांच्या आवाजाबरोबर, आवाजाऐवजी नको.

किती लांब? दोन ते चार पानं. त्याहून मोठं झालं तर ते आत्मचरित्र, ते पण करा, पण वेगळं. सगळ्यांना एकच पत्र असावं आणि प्रत्येक मुलाला वेगळी चार ओळींची चिठ्ठी असली तर फारच चांगलं, फक्त चिठ्ठ्या साधारण सारख्या लांबीच्या असू द्या, मुलं मोजतात, पन्नाशीतली मुलं पण मोजतात.

कागदाचं सांगते, कारण आपण कृष्णाकाठची माणसं. 2019 च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांच्या वर गेलं, धोक्याची पातळी 45 फूट. माझ्या ऑफिसच्या खालच्या दोन खणांतल्या फायली गेल्या, आणि चिखलातनं जे निघालं त्यात जेल पेननं लिहिलेलं सगळं पसरलं होतं, बॉलपेनचं बऱ्यापैकी वाचता आलं. तर बॉलपेन वापरा, जाड कागद घ्या, प्लास्टिकच्या पिशवीत घालून माळ्यावर ठेवा, एक प्रत तुमच्याकडं साताऱ्याला. लॅमिनेशन करू नका, नंतर दोन ओळी वाढवाव्या वाटल्या तर वाढवता येत नाहीत. दर पानावर तारीख टाका, आणि दसऱ्याला म्हणा पाडव्याला म्हणा, वर्षातनं एकदा काढून वाचा. बॅंकेच्या लॉकरात तर अजिबात नको, माणूस गेल्यावर लॉकर उघडायला किती कागद लागतात ते मला रोज दिसतं.

आणि पत्र मागं ठेवायचं असलं तरी ते मेल्यावरच उघडायचं असा काही नियम नाही. माझं मत विचाराल तर आण्णांनी ते जिवंतपणीच द्यावं, वाचून दाखवावं. त्या तासगावच्या आजोबांनी दिवाळीत सगळ्यांपुढं वाचलं. पाटल्यांच्या ओळीवर आजी म्हणाल्या, "तीन न्हवं, चार तोळ्याच्या हुत्या." ती दुरुस्ती पेनानं तिथंच केली, ती खाडाखोड अजून त्या कागदावर आहे.

तुम्ही येत्या सुट्टीत पलूसला जाणार असाल तर एवढंच करा. दुपारी जेवणं झाल्यावर, मोबाईल एरोप्लेन मोडवर टाकून रेकॉर्डिंग चालू करून ओसरीवर ठेवा, आण्णांना सांगून ठेवा, लपवून नको. पहिल्या दिवशी फक्त पहिल्या बागेबद्दल विचारा, काडी कुणी दिली ते. आत्यांपैकी कुणी येऊ शकत असेल तर तिला पण बोलवा, बहीण समोर असली की भाऊ खरं आठवतो. उतरवून झालं की मृत्युपत्राची झेरॉक्स घेऊन एकदा शेजारी ठेवून वाचा, दोन्हीत कुठं विसंगती वाटली तर तेवढी ओळ नावं झाकून मला विचारा, मी बघून सांगते.